रोटरी इंजिनाला नवा ईसीयू

इंजिनाचा संगणक, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला ईसीयू, मुळात दोनच गोष्टी ठरवतो: पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी कधी टाकायची. रेडिएटरचा पंखा चालू करणे, एसी लागला की आयडलिंग सावरणे ही त्याची वरकड कामे. पिस्टनच्या इंजिनात या दोन गोष्टींत थोडी चूक झाली तर गाडी मिसिंग करते, काळा धूर टाकते, अॅव्हरेज घसरते. मालक कुरकुरत का होईना घरी पोचतो. टर्बो लावलेल्या रोटरी इंजिनात तीच चूक भरवेगात सेकंदभर झाली तरी इंजिन उघडावे लागते. त्यामुळे रोटरी गाडीतला कंपनीचा ईसीयू काढून बाहेरचा बसवणे हे वायरिंगचे काम कमी आणि मोजमापाचे जास्त आहे.

रोटरी गाडी म्हणजे व्यवहारात माझदाची गाडी. मराठवाड्यात ‘माझदा’ म्हटले की स्वराज माझदाचा छोटा ट्रक नाहीतर मिनीबस डोळ्यांपुढे येते. जपानी माझदाशी करार होऊन १९८३ मध्ये सुरू झालेल्या कंपनीची ती डिझेल वाहने. त्याच जपानी कंपनीची दुसरी ओळख म्हणजे रोटरी इंजिन. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिले चालते इंजिन तयार झाले. त्याचा परवाना माझदाने १९६१ मध्ये घेतला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरची मोटार बाजारात आणली. १९७८ मध्ये आरएक्स-७ आली. तिची दुसरी पिढी ‘एफसी’ आणि तिसरी ‘एफडी’ या नावांनी ओळखली जाते. २००२ मध्ये आरएक्स-७ बंद झाली. २००३ ते २०१२ या काळात आरएक्स-८ निघाली, आणि रोटरीवर चालणारी स्पोर्ट्स कार तिथेच थांबली. मधल्या काळात, १९९१ साली, चार रोटरच्या माझदा ७८७बी ने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

भारतात रोटरी इंजिनाचे सर्वांत गंभीर काम मोटारीसाठी झाले नाही, ते झाले चालकरहित विमानासाठी. ‘निशांत’ या टेहळणी विमानाला परदेशी इंजिनाऐवजी देशी बनावटीचे ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन बसवून २००९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारजवळून उड्डाण झाले. इंजिनाचा गाभा, म्हणजे अॅल्युमिनियमचे ओतकाम आणि घराच्या आतल्या भिंतीवरचा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप, बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने केला. प्रज्वलन आणि इंधन या दोन व्यवस्था अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या संरक्षण संस्थेकडे होत्या. गाभा एकीकडे, पेट्रोल-ठिणगी दुसरीकडे अशी ही वाटणी सोयीसाठी पडली असेल. पण रोटरीत दुसरे काम पहिल्याइतकेच अवघड असते, हेही तिच्यातून दिसते.

अवघड का, हे कळण्यासाठी इंजिनाच्या पोटात डोकवावे लागते. रोटरीचे घर दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखे असते, फक्त कंबर जेमतेम दबलेली. आत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, तो रोटर. त्याची तीन टोके घराच्या भिंतीला सतत टेकलेली, त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. एका कप्प्यात मिश्रण आत येत असते, दुसऱ्यात ते दाबले किंवा जळत असते, तिसऱ्यातून धूर बाहेर जात असतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही. रोटरची एक फेरी होईपर्यंत मधला शाफ्ट तीन फेऱ्या मारतो. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरचा एक स्फोट.

या एका वाक्यात ईसीयूवाल्याची निम्मी डोकेदुखी आहे. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात एका सिलिंडरला पेट्रोल द्यायला शाफ्टच्या दोन फेऱ्या मिळतात. रोटरीत एकच. मिनिटाला ८००० फेरे असताना एक फेरी साडेसात मिलिसेकंदांत संपते आणि त्या रोटरला लागणारे सगळे पेट्रोल तेवढ्यात आत गेले पाहिजे. एवढे मोठे इंजेक्टर लावावेत तर आयडलिंगला ते चिमूटभर पेट्रोल सोडू शकत नाहीत. म्हणून दोन संच असतात. एफडीत प्रत्येक रोटरला मिनिटाला ५५० मिलिलिटर सोडणारा एक प्रायमरी आणि ८५० चा एक सेकंडरी इंजेक्टर असतो. कमी भारावर पहिला एकटा, भार वाढला की दोघे. सेकंडरी जिथे सुरू होतो त्या वळणावर गाडी अडखळली तर दोष बहुधा इंजेक्टरचा नसून ईसीयूत भरलेल्या आकड्यांचा असतो.

उरलेली डोकेदुखी टोकांची. रोटरच्या प्रत्येक टोकावर खाचेत एक पट्टी बसवलेली असते, तिला अॅपेक्स सील म्हणतात. एफसी-एफडीत ती २ मिलिमीटर जाडीची, ओतीव लोखंडाची. नॉकिंग झाले, म्हणजे मिश्रण ठिणगीच्या आघाडीने शिस्तीत जळण्याऐवजी एकदम भडकले, की हीच पट्टी तडकते. पिस्टनची रिंग तुटली तर एक सिलिंडर जातो. अॅपेक्स सील दोन कप्प्यांच्या मधली भिंत असते, त्यामुळे एक सील गेले की त्या रोटरचे तीनपैकी दोन कप्पे गळू लागतात, आणि तुटलेला तुकडा एक्झॉस्टमधून थेट टर्बोच्या पात्यांवर जाऊन आदळतो.

असे असताना कंपनीचा चालता ईसीयू काढायचाच कशाला? कारणे साधी आहेत. तो एका ठरावीक टर्बोसाठी, ठरावीक इंजेक्टरांसाठी आणि जपानी प्रीमियम पेट्रोलसाठी बांधलेला असतो. त्यातले आकडे बदलायची सोय मालकाला दिलेली नसते. एफसीत हवा मोजायला झडपेचे मीटर आहे. टर्बो मोठा केला की ती झडप पूर्ण उघडते आणि त्यापुढची हवा मोजलीच जात नाही. एफडीत दोन टर्बो आळीपाळीने चालवण्यासाठी व्हॅक्यूमच्या नळ्यांचे आणि सोलेनॉइडांचे असे जाळे आहे की रोटरीवाले त्याला उंदराचे घरटे म्हणतात. एकच मोठा टर्बो बसवून ते जाळे काढले की जुन्या ईसीयूला गाडी ओळखता येत नाही. त्यातच तीस-पस्तीस वर्षांत पेटीतले कपॅसिटर वाळतात. बाहेरचे पर्याय बरेच आहेत. जपानचा अॅपेक्सी पॉवर एफसी मूळ कपलरमध्ये थेट बसतो. ऑस्ट्रेलियाचे हॅलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडचा लिंक यांना बहुधा नवे वायरिंग करावे लागते. मेगास्क्वर्ट तर सुटे भाग आणून घरी सोल्डर करता येतो. पेटीच्या किमतीवरून इंजिनाचे आयुष्य ठरत नाही, आत भरलेल्या आकड्यांवरून ठरते.

नवा ईसीयू जोडण्याआधी इंजिनाचे कॉम्प्रेशन पाहावे. प्लग काढून स्टार्टर फिरवला की निरोगी रोटर एका चालीत फस्-फस्-फस् असे तीन सारखे फुसकारे टाकतो. एक जोरात आणि दोन ढिले ऐकू आले तर गेलेले सील ईसीयू बदलून परत येणार नाही. आधी इंजिनाचे काम.

वायरिंगची बाब मोजक्या शब्दांत सांगता येते, कारण तिथले नियम कोणत्याही गाडीचेच आहेत. ईसीयूला वेगळ्या रिलेवरून आणि फ्यूजमधून करंट द्यावा. सेन्सरांची अर्थिंग बॉडीला न लावता ईसीयूच्याच पिनेवर परत न्यावी, नाहीतर पंखा चालू झाला की तापमानाचा आकडा उडी मारतो. शाफ्टच्या सेन्सरची वायर जाळीच्या आवरणाची घ्यावी आणि कॉइलच्या वायरींपासून लांब ओढावी. इंजेक्टरचा रोध मोजावा. बारा-चौदा ओहमचा असेल तर सरळ जोडता येतो, दोन-तीन ओहमचा असेल तर तसा ड्रायव्हर असलेला ईसीयू किंवा मध्ये रेझिस्टर लागतो. वायरींना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत ट्रॅक्टरच्या हेडलाइटला चालते. इथे ती एक-दोन पावसाळ्यांत दगा देते.

आता सेन्सर. बाहेरचा ईसीयू बहुधा हवा थेट मोजत नाही. इनटेकमधला दाब आणि हवेचे तापमान यांवरून तो हिशेब करतो. म्हणून किल्ली चालू, इंजिन बंद अशा अवस्थेत लॅपटॉपवर दाबाचा आकडा आधी वाचावा. मुंबईत किनाऱ्यावर तो १०१ किलोपास्कलच्या आसपास दिसेल. मराठवाड्यातले हिंगोली शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे; तिथे ९५ ते ९६ दिसला पाहिजे. १०१ दिसला तर सेन्सर चांगला आहे असे समजू नये. सेन्सरचे परिमाण ईसीयूत चुकीचे भरले गेले आहे, आणि ही चूक पुढे दाबाच्या प्रत्येक पायरीवर पसरणार आहे. मे महिन्यात ४२ अंशांना हिंगोलीची हवा पाठ्यपुस्तकातल्या १५ अंशांच्या, समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी विरळ असते. हिशेब नीट असेल तर ईसीयू तेवढे पेट्रोल आपणहून कमी करतो. तापमानाचा सेन्सर मात्र वाहत्या हवेत हवा. तापलेल्या मॅनिफोल्डच्या धातूत रुतवलेला सेन्सर हवेचे न सांगता धातूचे तापमान सांगतो. मग ईसीयू हवा आहे त्याहून विरळ समजून पेट्रोल कापतो, आणि सिग्नलला दहा मिनिटे उभी राहिलेली गाडी निघताना पेट्रोलला भुकेली असते.

यानंतर सगळ्या कामाचा कणा: शाफ्ट नेमका कुठे आहे हे ईसीयूला कळवणे. पिस्टन इंजिनात कॅमचा सेन्सरही लागतो, कारण पिस्टन वर आला की तो ठिणगीसाठी आला की धूर ढकलायला, हे शाफ्टवरून कळत नाही. रोटरीत प्रत्येक फेरीला स्फोट असल्याने हा संभ्रमच नाही. ३६० अंशांत हिशेब पूर्ण होतो. एफसीत पुढच्या बाजूला एक सेन्सर उभा असतो, दिसायला जुन्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरसारखा. त्यात २४ दात्यांचे एक चाक आणि २ दात्यांचे दुसरे. पहिले किती फिरले ते सांगते, दुसरे कुठून मोजायचे ते. हे कॉइलचे पिकप आहेत. त्यांच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी इंजिन सुरू होते, पण वेग वाढेल तसे टायमिंग सरकत जाते. अशी चूक आयडलिंगला पकडता येत नाही.

टायमिंग तपासायला पुलीवर दोन खुणा असतात, एक पिवळी, एक लाल. इथे पिस्टनची सवय असलेला मिस्त्री हमखास गोंधळतो. पिवळी खूण म्हणजे टॉप डेड सेंटर नव्हे. ती टॉपच्या ५ अंश नंतरची आहे आणि लाल २० अंश नंतरची. दोन खुणांचे कारण दोन प्लग. रोटरीचा कप्पा लांबट आणि चपटा असल्याने एका ठिणगीने तो वेळेत जळत नाही. म्हणून प्रत्येक रोटरला खाली लीडिंग आणि वर ट्रेलिंग असे दोन प्लग असतात. आधी लीडिंग पेटतो, काही अंशांनी ट्रेलिंग. काम असे चालते: ईसीयूत टायमिंग टॉपनंतर ५ अंशांवर कुलूपबंद करायचे, टायमिंग लाइटचा चिमटा पुढच्या रोटरच्या लीडिंग वायरीला लावायचा आणि पिवळी खूण घरावरच्या सुईसमोर स्थिर उभी राहीपर्यंत ईसीयूतला ऑफसेट बदलत जायचा. मग रेस वाढवून ३००० फेऱ्यांवर पुन्हा पाहायचे. खूण तिथेच राहिली तर ठीक. सरकली तर वर सांगितलेल्या दोन वायरी तपासायच्या.

इथे थांबणाऱ्याची फसगत होते. माझदाच्या मूळ रचनेत लीडिंगची एकच कॉइल दोन्ही रोटरांच्या प्लगला एकदम ठिणगी देते. एक कामाची, एक वाया. म्हणजे ती शाफ्टच्या प्रत्येक अर्ध्या फेरीला पेटते. हिशेब अख्ख्या अर्ध्या फेरीने चुकलेला असला तरी पिवळी खूण सुईसमोर दिसणारच, आणि इंजिन लीडिंगवर बऱ्यापैकी चालणारही. ट्रेलिंगच्या कॉइल मात्र स्वतंत्र असतात. म्हणून चिमटा पुढच्या ट्रेलिंगला लावून, ट्रेलिंग १५ अंश मागे ठेवून, लाल खूण पाहिल्याशिवाय टायमिंग बरोबर आहे असे म्हणू नये. दोन ट्रेलिंग वायरींची अदलाबदल झाली असेल तर ती याच एका तपासणीत सापडते. या कामाला पाच मिनिटे लागतात. ते टाळणारे पुढे इंजिन खोलून बसतात.

तेलाचा प्रश्न रोटरीचा खास आहे. अॅपेक्स सीलना वंगण म्हणून इंजिन मुद्दाम थोडे ऑइल जाळते. एफडीत त्याचा पंप किती ऑइल सोडतो ते विजेची मोटर, ईसीयूच्या हुकमावर, ठरवते. बाहेरच्या ईसीयूला ती मोटर चालवता येत नसेल तर सील कोरडे पडतात, आणि गाडी काही काळ उत्तम चालते, हीच खरी अडचण. उपाय जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. लुना नाहीतर चेतकची टाकी भरताना पंपावर टू-टी ऑइलचे माप ओतून घ्यायचे, तेच इथे करायचे. रोटरीला लिटरमागे साधारण ८ ते १० मिलिलिटर दिले जाते.

पेट्रोल हिंगोलीचे, आणि ते जपानचे नव्हे. तिथल्या प्रीमियम पेट्रोलचे ऑक्टेन १०० च्या आसपास. आपल्या पंपावरचे साधे पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचे, ऑक्टेन ९५. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आणले, तेही पुणे-मुंबईसारख्या निवडक शहरांत. ऑक्टेनमधला फरक टायमिंग मागे घेऊन भागवता येतो. इथेनॉलचा फरक वेगळा आणि अधिक लबाड आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इंजेक्टरच्या हिशेबात त्याचा अर्थ असा की ई-२० साठी हे प्रमाण १३.५ च्या जवळ येते. परदेशातून उतरवून घेतलेला तयार मॅप, म्हणजे ईसीयूच्या आकड्यांचे कोष्टक, तसाच घातला तर इंजिनाला गरजेपेक्षा सात-आठ टक्के कमी पेट्रोल मिळते. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. टर्बो फुंकू लागला की ईसीयू बहुधा सेन्सरचे ऐकणे सोडून कोष्टकातल्या आकड्यांवर चालतो, आणि नेमकी तिथेच तूट उघडी पडते.

पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल आणि ठिणगी बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर फिरवावा. सुरू होण्यासाठीचे पेट्रोल आधी कमी ठेवावे आणि हळूहळू वाढवावे. उलट केले तर रोटरी ‘फ्लड’ होते. जास्तीचे पेट्रोल भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते, सील घट्ट टेकत नाहीत, कॉम्प्रेशन उतरते आणि इंजिन नुसते फिरत राहते. मग इंधनपंपाचा फ्यूज काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून आतले पेट्रोल बाहेर फेकावे लागते. पूर्ण दाबलेल्या अॅक्सिलरेटरवर इंजेक्टर बंद ठेवण्याची सोय बहुतेक ईसीयूंत असते. ती पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावी.

भाराखालचे ट्यूनिंग डायनोवर, म्हणजे उभ्या गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, करावे, रस्त्यावर नव्हे. हिंगोली-वाशिम रस्ता कितीही मोकळा दिसला तरी एका माणसाने स्टिअरिंग आणि लॅपटॉप दोन्ही सांभाळणे हा मूर्खपणा आहे. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर हवाच, आणि वाचन हवा-पेट्रोलच्या गुणोत्तरात न ठेवता लॅम्बडात ठेवावे. लॅम्बडा म्हणजे पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा मिळाली तो आकडा. लॅम्बडाला पेट्रोलमध्ये इथेनॉल किती याची पर्वा नसते. टर्बोवर रोटरीला ०.७५ ते ०.७८ असे गडद मिश्रण देतात, पिस्टनपेक्षा जास्त गडद, कारण जास्तीचे पेट्रोल आतला कप्पा गार ठेवते. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, कमीत कमी ठेवून आधी पेट्रोलचे कोष्टक भरायचे. टायमिंग मागे ठेवून सुरुवात करायची, ट्रेलिंग लीडिंगच्या १०-१५ अंश मागे. मग एकेक अंश पुढे न्यायचा आणि ताकद वाढायची थांबली की तिथून एक पाऊल मागे यायचे. पिस्टनच्या इंजिनात ट्यूनर नॉकिंगचा आवाज येईपर्यंत पुढे जातो आणि मग मागे येतो. रोटरीत तो आवाज ऐकू आला तेव्हा सील बहुधा गेलेले असते. बूस्टचा आकडा वाचतानाही उंची लक्षात घ्यावी. मीटरवर ०.७ बार म्हणजे मुंबईत ईसीयूला सुमारे १७१ किलोपास्कल, हिंगोलीत १६५. कोष्टकाची वेगळीच ओळ वापरली जाते. मुंबईत घासूनपुसून भरलेल्या ओळी हिंगोलीत निरुपयोगी नसतात, पण तपासलेल्याही नसतात.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. माझदाने रोटरी गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली नाही. वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि शेवटची आरएक्स-८ निघाली २०१२ मध्ये. देशात जी गाडी आधीच नोंदलेली आहे तिच्यात निर्मात्याच्या मूळ नोंदीपासून गाडी वेगळी होईल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. बंद ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीची गोष्ट वेगळी.

ट्यूनिंग एका बैठकीत संपत नाही. मे महिन्याच्या ४२ अंशांत भरलेले कोष्टक डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत वापरले जाते तेव्हा हवा ९ टक्क्यांनी दाट असते. म्हणून हिंगोलीसारख्या ठिकाणी हवेच्या तापमानाची दुरुस्ती थंडीत, कमी बूस्टवर, वाइडबँड लावून एकदा पुन्हा तपासावी. तोवर पूर्ण बूस्ट सोडू नये.